सातबाऱ्यावर शिक्का शोधू नका, ६१७ अंकी संख्या तपासा!

सांगोला तालुक्यातल्या एखाद्या डाळिंब बागायतदाराला पीक कर्ज काढायचं आहे. तो मोबाईलवर महाभूमीचं संकेतस्थळ उघडतो, १५ रुपये भरतो आणि डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड करतो. सेतू केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात त्याची प्रिंट काढून अर्जाला जोडतो. त्या कागदावर छापलेलं असतं की अभिलेख डिजिटल स्वाक्षरीत आहे, त्यावर सही-शिक्क्याची गरज नाही. तरीही समोरच्या टेबलावरून प्रश्न येऊ शकतो, "तलाठ्याचा शिक्का कुठाय?"

मग माहूद, कोळा किंवा जवळ्याचा शेतकरी गाडीला किक मारतो आणि पुन्हा तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, शोधायला निघतो. दिवस जातो, पेट्रोल जातं आणि डिजिटल कारभाराचा उपयोग काय, हा प्रश्न उरतो.

प्रश्न विचारणाऱ्याचीही चूक आहे, असं सरसकट म्हणता येत नाही. शिक्का डोळ्यांना दिसतो, डिजिटल सही दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायचा कसा? याचं उत्तर एका अवाढव्य संयुक्त संख्येत आहे आणि ते समजायला सातवी-आठवीचं गणित पुरतं. ते उत्तर ना शेतकऱ्याला कुणी सांगितलं, ना टेबलापलीकडच्या माणसाला, हा खरा दोष आहे.

संयुक्त संख्या म्हणजे काय?

जिला १ आणि स्वतः सोडून आणखी कुणी निःशेष भागतं, ती संयुक्त संख्या. नाहीतर ती मूळ संख्या. ११ मूळ, १७ मूळ आणि त्यांचा गुणाकार १८७ संयुक्त.

महाराष्ट्रातल्या सगळ्यात प्रसिद्ध संयुक्त संख्येचं नाव घ्यायचं तर ६१७४. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ती जगाला दिली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंकांची सगळ्यात मोठी मांडणी करा, त्यातून सगळ्यात लहान मांडणी वजा करा आणि उत्तराबरोबर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तिथेच थांबते. या ६१७४चे मूळ अवयव वहीच्या कोपऱ्यातही पाडता येतात : २ × ३ × ३ × ७ × ७ × ७.

आता चार अंकांच्या जागी ६१७ अंक असलेली संख्या डोळ्यांसमोर आणा. व्हॉट्सॲपवर पाठवली तर मोबाईलचा अख्खा स्क्रीन भरून टाकेल इतकी लांब. ती फक्त दोन मूळ संख्यांचा गुणाकार आहे आणि त्या दोन्ही साधारण ३०८-३०९ अंकी आहेत. गुणाकार सगळ्या जगासमोर ठेवलेला आहे, पण ते दोन अवयव फक्त एकाकडे आहेत. डिजिटल सहीच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीचा पाया एवढाच.

या पद्धतीला आरएसए म्हणतात. रॉन रिव्हेस्ट, आदी शमीर आणि लेनर्ड ॲडलमन या तिघांनी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत ती मांडली. त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं म्हणजे आरएसए. भारतात डिजिटल सहीसाठी तिचं २०४८ बिटांचं रूप सर्रास वापरलं जातं. २०४८ बिट म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत ६१७ अंक. तुमच्या आधार कार्डावरच्या सुरक्षित क्यूआर कोडमध्येही आधार प्राधिकरणाची २०४८ बिटांचीच सही असते. म्हणजे ही संख्या कुठल्या प्रयोगशाळेतली नाही. ती सांगोल्याच्या आठवडी बाजारात फिरणाऱ्या जवळपास प्रत्येक खिशात आहे.

सही होते कशी? छोट्या आकड्यांत बघा

६१७ अंक कागदावर मांडून दाखवता येणार नाहीत. म्हणून १८७च घेऊ.

सही करणाऱ्याकडे ११ आणि १७ या दोन गुप्त संख्या आहेत. त्यांचा गुणाकार १८७ तो जाहीर करतो. त्याबरोबर आणखी एक छोटी संख्या जाहीर करतो, ३. आता दोन्ही मूळ संख्यांतून एकेक वजा करून तो गुणाकार करतो : १० × १६ = १६०. मग अशी संख्या शोधतो, जिला ३ने गुणून १६०ने भागलं तर बाकी १ उरेल. ती आहे १०७, कारण ३ × १०७ = ३२१ आणि ३२१ला १६०ने भागलं की बाकी १. हा १०७ म्हणजे त्याची गुप्त किल्ली.

सातबाऱ्याचा सगळा मजकूर एका ठरलेल्या सूत्रातून गेला की त्याचा एक सारांश-आकडा तयार होतो. मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी हा आकडा पार बदलतो. समजा, आपल्या सातबाऱ्याचा आकडा १५६ आला. सही करणारा १५६चा १०७वा घात काढतो, त्याला १८७ने भागतो आणि बाकी घेतो. ती येते ७. हीच सही.

आता तपासणी. समोरच्याला १८७, ३, १५६ आणि ७ एवढंच माहीत आहे. तो ७चा घन काढतो, ३४३. त्यातून १८७ वजा करतो, उरले १५६. सातबाऱ्याच्या आकड्याशी जुळलं. सही खरी.

कुणी ०.८० हेक्टरचे १.८० हेक्टर केले, तर सारांश-आकडा १५६ राहणार नाही आणि ७चा घन त्याच्याशी जुळणार नाही. खोटी सही बनवायची तर १०७ हवा. १०७ मिळवायचा तर १६० हवेत. आणि १६० मिळवायचे तर १८७चे अवयव ११ आणि १७ हवेत.

सही तपासायला फक्त गुणाकार आणि भागाकार लागतो, पण नकली सही करायची झाली तर आधी अवयव पाडावे लागतात. रबरी शिक्का बनवून देणारं दुकान सापडू शकतं, ६१७ अंकी संख्येचे अवयव पाडून देणारं दुकान जगात कुठेच नाही.

यातली १०७ शोधण्याची रीत आपल्याला परकी नाही. बाकीचं असं कोडं सोडवण्याच्या भारतीय पद्धतीला 'कुट्टक' म्हणतात. ती आर्यभटाच्या ग्रंथात आहे आणि भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त तिच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. पूर्वजांना डिजिटल सही ठाऊक होती, असा याचा अर्थ नाही. पण सहीच्या किल्लीमागचं गणित मराठी मुलाला त्याच्याच परंपरेतून शिकवता येईल, एवढा नक्कीच आहे.

अवयव पाडणं इतकं अवघड का?

१८७चे अवयव शोधायला २, ३, ५, ७, ११ असं भागत गेलं की झालं. ६१७ अंकी संख्येसाठी ही पद्धत लावली तर ३०९ अंकी संख्यांपर्यंत भागत जावं लागेल. सेकंदाला एक लाख कोटी भागाकार करणारा संगणक विश्वाच्या आरंभापासून, म्हणजे सुमारे १३.८ अब्ज वर्षांपूर्वीपासून चालू आहे असं धरा. आजपर्यंत त्याचे जे भागाकार झाले असते, तो आकडा फक्त ३० अंकी आहे. उरलेलं अंतर मोजायला भाषेत शब्द नाहीत.

अर्थात गणितज्ञ यापेक्षा कितीतरी हुशार पद्धती वापरतात. आरएसएच्या जनकांनी तयार केलेली १२९ अंकी संख्या १९७७ मध्ये एका अमेरिकी विज्ञान मासिकात १०० डॉलरच्या बक्षिसासह छापून आली होती. ती फुटायला १९९४ साल उजाडलं. इंटरनेटवरून जोडलेले सुमारे ६०० स्वयंसेवक त्यासाठी काही महिने राबले. फेब्रुवारी २०२० मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २५० अंकी संख्या फोडली. त्यासाठी लागलेली गणनशक्ती म्हणजे संगणकाचा एकच कोअर सुमारे २,७०० वर्षं चालवण्याइतकी होती. २५० आणि ६१७ यांतलं अंतर अडीच पटीचं वाटतं, पण प्रत्येक वाढत्या अंकाबरोबर कष्ट गुणाकाराने वाढतात.

इथे एक गंमत आहे. संख्या संयुक्त आहे एवढं कळणं सोपं आहे, तिचे अवयव कळणं अवघड. १५ घ्या. २चा १४वा घात १६,३८४. त्याला १५ने भागा, बाकी ४ उरते. १५ मूळ असती तर बाकी १ उरली असती, असा फर्माचा नियम सांगतो. म्हणजे ३ आणि ५चं नावही न घेता १५ संयुक्त ठरली. ३४१सारख्या काही फसव्या संख्या या चाळणीतून निसटतात, म्हणून प्रत्यक्षात आणखी बारीक चाळण्या वापरतात. आणि कुठलीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवणारी पद्धत कुणी शोधली? आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी, २००२ मध्ये. तेव्हा कयाल आणि सक्सेना विद्यार्थीदशेत होते.

म्हणूनच ३०९ अंकी मूळ संख्या शोधणं तुमच्या संगणकाला जड जात नाही. त्या आकाराच्या साधारण दर ७१० संख्यांत एक मूळ सापडते. पण अशा दोन संख्यांचा गुणाकार करून टाकला की परतीची वाट बंद होते.

मग धोका कुठे आहे?

डिजिटल सही म्हणजे ब्रह्मवाक्य, असं सांगणं ही दुसऱ्या टोकाची चूक ठरेल. सहीच्या मर्यादाही गणिताइतक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात.

पहिली मर्यादा, आळस. मूळ संख्या निवडताना संगणकाने पुरेशी यादृच्छिकता वापरली नाही, तर दोन वेगळ्या लोकांच्या संख्यांत एक अवयव सामाईक येऊ शकतो. मग अवयव पाडायची गरजच उरत नाही. एकाची संख्या १८७, दुसऱ्याची २०९. शाळेत शिकवलेला मसावि काढा : २०९ वजा १८७ उरले २२. १८७ला २२ने भागा, बाकी ११. २२ला ११ने निःशेष भाग जातो. मसावि ११. दोन्ही संख्या एकदमच उघड्या पडल्या. हे कल्पनेतलं नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर संख्या गोळा करून असाच हिशेब केला. एका अभ्यासात दर हजारातल्या सुमारे दोन संख्या अशा कुचकामी निघाल्या. 'मसाविचा आयुष्यात काय उपयोग?' असं विचारणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे उत्तर द्यायला हवं.

दुसरी मर्यादा, माणूस. डिजिटल सहीची गुप्त किल्ली यूएसबी डोंगलमध्ये असते आणि तिला पासवर्ड असतो. डोंगल ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड त्याच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर असेल, तर ६१७ अंकांचा काही उपयोग नाही. अधिकाऱ्याने आपलं डोंगल दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या करून ठेवण्यासारखंच आहे.

तिसरी मर्यादा शेतकऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. सही फक्त दोन गोष्टी सांगते. हा मजकूर कुणाच्या किल्लीने प्रमाणित झाला आणि त्यानंतर तो बदललेला नाही. मजकूर खरा आहे, असं सही सांगत नाही. वारसाची नोंद राहून गेली असेल, फेरफार चुकीचा मंजूर झाला असेल, तर गणित त्या चुकीवरही तितक्याच निष्ठेने शिक्कामोर्तब करेल. म्हणून सातबारा डाउनलोड केल्यावर क्षेत्र, इतर हक्कातल्या नोंदी आणि बोजा स्वतः वाचणं याला पर्याय नाही.

प्रिंट काढली की गणित संपतं

आता मूळ भांडणाकडे येऊ. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला आणि त्याच वर्षी १७ ऑक्टोबरपासून लागू झाला. त्याने डिजिटल सहीला हाताच्या सहीसारखीच मान्यता दिली. म्हणजे कायद्याची बाजू पाव शतकापासून स्पष्ट आहे. अडतं ते कागदावर.

सही पीडीएफ फाइलच्या आत असते. फाइलची प्रिंट काढली की कागदावर उतरतं ते फक्त सहीचं चित्र. चित्राचा घन काढता येत नाही. त्यामुळे "प्रिंटवर कसा विश्वास ठेवू?" ही टेबलापलीकडची शंका रास्त आहे. चुकतो तो उपाय. प्रिंटवर शाईचा शिक्का मारून घेतल्याने कागद जास्त खरा होत नाही, फक्त जास्त जुना दिसतो. योग्य उपाय दोन आहेत. एक, प्रिंटऐवजी मूळ पीडीएफ मागवून तिची सही तपासा. दोन, सातबाऱ्यावर छापलेला पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाका आणि समोर उघडणारा उतारा हातातल्या कागदाशी ताडून पाहा. दुसऱ्या उपायाला शिक्क्यासाठी हेलपाटा घालायला लावण्यापेक्षा कितीतरी कमी वेळ लागतो.

एक गैरसमजही दूर करायला हवा. संगणकावर पीडीएफ उघडली की सहीवर कधी कधी प्रश्नचिन्ह दिसतं. सही खोटी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. भारतातल्या डिजिटल सह्यांच्या मूळ प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा की नाही, हे त्या सॉफ्टवेअरला अजून सांगितलेलं नाही, एवढाच तो प्रश्न असतो. कार्यालयातल्या संगणकावर ही जुळणी एकदाच करायची असते. मोबाईलमधली बहुतेक साधी पीडीएफ ॲप तर सही तपासतच नाहीत, त्यामुळे मोबाईलवर पाहून 'खरी' किंवा 'खोटी' ठरवण्यात अर्थ नाही.

सांगोल्याने मागायला हवं ते काय?

हा तालुका नव्या गोष्टींना घाबरणारा नाही. कमी पावसाच्या माणदेशी जमिनीत इथल्या शेतकऱ्याने ठिबकवर डाळिंब पिकवलं. देशातली १००वी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारकडे सुटली. माल दुसऱ्या टोकाच्या राज्यात पाठवणाऱ्या माणसाला स्वतःच्या जमिनीचा कागद स्वतःच्याच तालुक्यात पुन्हा पुन्हा सिद्ध करावा लागणं ही विसंगती आहे.

त्यावरचे उपाय खर्चिक नाहीत. सातबारा स्वीकारणाऱ्या प्रत्येक कार्यालयात, सोसायटीत आणि बँकेच्या शाखेत पडताळणीची रीत मराठीत लिहून भिंतीवर लावावी. 'शिक्का नाही' या कारणाने डिजिटल उतारा परत पाठवायचा असेल तर ते कारण लेखी द्यावं. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक हट्ट आपोआप मावळतात. डोंगल दुसऱ्याच्या हाती सोपवण्याला सही सोपवण्याइतकंच गंभीर मानावं. आणि शाळेत मूळ अवयव, मसावि शिकवताना सातबाऱ्याचं उदाहरण द्यावं. आई-वडिलांचा कागद खरा की खोटा हे ज्या गणिताने ठरतं, ते गणित माणदेशातल्या मुलाला कोरडं वाटणार नाही.

पुढचाही विचार आजच करायला हवा. पुरेसा मोठा क्वांटम संगणक असेल तर अवयव झपाट्याने पाडता येतील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं आहे. तसा संगणक अजून बनलेला नाही. पण अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये अवयवांवर अवलंबून नसलेल्या नव्या पद्धतींची पहिली मानकं जाहीर केली, ती याच तयारीसाठी. मोबाईलचा ओटीपी काही मिनिटांत शिळा होतो, जमिनीचा उतारा मात्र नातवंडांपर्यंत चालतो. म्हणून भूमी अभिलेखांवरच्या सह्या नव्या पद्धतीत कधी आणि कशा नेणार, हे सरकारने आधीच सांगायला हवं.

तोपर्यंत ६१७ अंकी संख्या आपलं काम चोख करते आहे. ती कंटाळत नाही, रजेवर जात नाही आणि तिला चहापाणी लागत नाही. तिला फक्त कुणीतरी तपासावं लागतं. शिक्का कुठाय, असं विचारणाऱ्याला यापुढे शेतकऱ्याने नम्रपणे एवढंच म्हणावं, "साहेब, पडताळणी क्रमांक टाकून बघा की."